नकाशांचा मेळ कसा घालायचा?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या बातम्या ऐकणाऱ्यांच्या कानांवर एक वाक्य हमखास पडते : 'राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पाणीपातळी अमुक फूट झाली.' ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात हा आकडा ५५ फुटांच्याही पुढे गेला. सांगलीचे लोक याच रीतीने आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी पाहत असतात.

समजा, नदीपासून काही अंतरावर तुमचे घर आहे. रात्रीचे दहा वाजले आहेत आणि आकडा ४३ झाला आहे. घरातल्या माणसांपुढे प्रश्न एकच : पाणी आपल्या उंबऱ्याला लागेल काय, आणि लागणार असेल तर बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर? गोठ्यातली जनावरे आत्ताच सोडायची, की सकाळपर्यंत थांबायचे? जुनी माणसे याचे उत्तर आठवणीने देतात. अमक्या साली पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला होते, तेव्हा आपल्या अंगणात घोटाभर होते, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब कमी लेखण्यासारखा नाही. पण जो भाडेकरू गेल्या वर्षीच राहायला आला, त्याच्याजवळ ही आठवण नसते. आणि पूर आठवणीतल्या पुरापेक्षा मोठा आला, तर जुन्या माणसांचाही आधार सुटतो.

वास्तविक हे गणित सातवीतल्या विद्यार्थ्याला जमावे इतके सोपे आहे. एखाद्या गावी नदीकाठच्या मोजपट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून ५०० मीटर उंचीवर आहे असे धरू. एक फूट म्हणजे ०·३०४८ मीटर. म्हणून ४३ फूट पाणी म्हणजे १३·१ मीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ५१३·१ मीटरवर. तुमचा उंबरा ५१४ मीटरवर असेल, तर अजून ०·९ मीटर, म्हणजे सुमारे तीन फूट अवकाश आहे. मोजपट्टीवर सुमारे ४६ फूट झाले की पाणी उंबऱ्याला लागेल. (वाहत्या नदीचा पृष्ठभाग आडवा नसतो, तो प्रवाहाच्या दिशेने उतरता असतो. म्हणून घर मोजपट्टीच्या वरच्या अंगाला असेल तर पाणी याहून थोडे आधीच येईल. ही दुरुस्ती तूर्त बाजूला ठेवू.)

मग असे उत्तर प्रत्येक घराला आधीच का सांगता येऊ नये? त्यासाठी लागणारी माहिती कोणाजवळ आहे ते पाहा. मोजपट्टीच्या आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याच्या नोंदी जलसंपदा विभागाकडे. पावसाचे आकडे भारत हवामानशास्त्र विभागाकडे. जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाकडे. हा विभाग १७६७ सालापासून काम करीत आहे आणि त्याचे मुख्य कार्यालय देहरादूनला आहे. शेताच्या हद्दी आणि गट नंबर भूमी अभिलेख विभागाकडे. शहरातली घरे व रस्ते महानगरपालिकेकडे. शिवाय विजेचे खांब, दवाखाने, शाळा हे सारे आणखी निरनिराळ्या कार्यालयांत. एकूण माहिती कमी नाही. पण ती एका ठिकाणी, एका मापात, एका भाषेत नाही. राज्यभरातल्या सरकारी खात्यांचे नकाशे एकमेकांशी जुळतील अशी व्यवस्था लावणे, हा म्हणूनच एक मोठा वैज्ञानिक प्रश्न आहे. त्यातले विज्ञान कोणते, हे या लेखात आपण पाहू.

प्रथम मनात येणारा उपाय असा, की सगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढावेत आणि एकावर एक ठेवावेत. संगणकावरही मूळ कल्पना हीच असते. नद्यांचा एक थर, रस्त्यांचा एक, घरांचा एक. परंतु प्रत्यक्षात थर एकमेकांवर ठेवले की नदी रस्त्यावरून वाहू लागते आणि पूल कोरड्या शेतात उभा राहतो!

एकाच ठिकाणाचे दोन पत्ते

याचे पहिले कारण भौतिकशास्त्राशी संबंधित आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक रेंगाळतो. तुम्ही म्हणाल, प्रत्येक ठिकाणाला अक्षांश-रेखांश असतात. ते जुळवले की झाले. पण अक्षांश-रेखांश जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वी ही ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे असे मानून आपण एक काल्पनिक चपटा गोल घेतो, आणि त्या गोलावर ते मोजतो. गोल बदलला की पत्ता बदलतो.

भारताची शास्त्रशुद्ध मोजणी विल्यम लँबटन याने १८०२ साली मद्रासजवळ एक सरळ रेघ मोजून सुरू केली. त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. विदर्भातल्या वाचकांनी अवश्य पाहून यावी. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने हे काम चालवले आणि भारताच्या मोजमापांशी चांगला जुळेल असा गोल १८३० साली निश्चित केला. मध्य प्रदेशातील कल्याणपूर हे त्याचे मूळ ठाणे. त्या काळी पृथ्वीच्या मध्याचा थांगपत्ता लावण्याचे साधन नव्हते. ओळंबा आणि तारे यांच्या साहाय्याने जे मोजता येई तेच खरे. आणि ओळंबासुद्धा पूर्ण विश्वासाचा नव्हे, कारण डोंगराचे वस्तुमान त्याला किंचित बाजूला ओढते! त्यामुळे एव्हरेस्टचा गोल भारतावर नीट बसला, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ८३० मीटर बाजूला राहिला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्याही आज मानल्या जाणाऱ्या ६३७८·१३७ किलोमीटर या त्रिज्येपेक्षा आठशेहून अधिक मीटरांनी कमी आहे.

दीडशे वर्षे याने काही बिघडले नाही. सारा देश एकाच गोलावर मोजला जात होता, म्हणजे चूक सर्वांना सारखी लागू होती. मग उपग्रह आले. उपग्रह हा पृथ्वीच्या वस्तुमानमध्याभोवती फिरतो. त्याला कल्याणपूर ठाऊक नाही. उपग्रहांकडून आपली जागा शोधणारे यंत्र (आणि ते आता प्रत्येक मोबाइलमध्ये असते) जे अक्षांश-रेखांश सांगते, ते पृथ्वीच्या मध्याशी मध्य जुळवलेल्या एका वेगळ्या जागतिक गोलावरचे असतात. या गोलाचे नाव डब्ल्यूजीएस-८४.

दोन्हींत फरक किती पडतो? दोन गोलांची मापे आणि मध्यांतील अंतर ठाऊक असल्याने तो काढता येतो. कोल्हापूरजवळ तो अक्षांशात सुमारे ४ सेकंद आणि रेखांशात सुमारे ३ सेकंद येतो. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर जवळजवळ ३१ मीटर. तेव्हा जुन्या नकाशावरून वाचलेले आकडे तसेच्या तसे नव्या यंत्रात घातले, तर आपण खऱ्या जागेपासून अंदाजे १२० मीटर दक्षिणेला आणि ८५ मीटर पूर्वेला जाऊन पोचतो. पायथागोरसचा सिद्धांत लावा : सरळ अंतर सुमारे १४७ मीटर. नागपूरला हेच आकडे अंदाजे ८० मीटर दक्षिण आणि १५० मीटर पूर्व असे येतात, म्हणजे १७० मीटर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फरक सगळीकडे सारखा असता, तर राज्याचा सबंध नकाशा एकदा सरकवून काम भागले असते. तो तसा नाही. कोल्हापूरला जुळवलेला नकाशा नागपूरला पुन्हा हुकतो. म्हणून प्रत्येक बिंदूचे गणित करून रूपांतर करावे लागते, आणि तो नकाशा मूळ कोणत्या गोलावर काढला होता हे आधी माहीत असावे लागते. ते नकाशावर लिहिलेलेच नसेल तर?

१४७ मीटर हे अंतर पुराच्या बाबतीत फार मोठे आहे. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पूररेषा एका गोलावर आणि शहराचा विकास आराखडा दुसऱ्या गोलावर असेल, तर पाण्यात जाणारा भूखंड कागदावर कोरडा दिसेल. त्यावर घर बांधणाऱ्याने कोणताही नियम मोडलेला नसेल, आणि तरी पहिल्या मोठ्या पुरात त्याची चूल पाण्याखाली जाईल.

उंची कशापासून मोजायची?

उंचीचेही असेच दोन हिशेब आहेत. आपण समुद्रसपाटीपासून उंची मोजतो. समुद्र सतत वरखाली होत असल्याने त्याची सरासरी काढावी लागते. भारतात १९०९ साली नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ही सपाटी ठरवली, आणि तिथून देशभर उंची नेऊन जागोजागी दगडांवर, पुलांवर, इमारतींवर तलचिन्हे कोरली. उपग्रहांचे यंत्र मात्र मुळात आपल्या चपट्या गोलापासून उंची मोजते. गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसल्याने समुद्राची सपाटी त्या गोलाशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती गोलाच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे! आपल्या पुणे-मुंबई भागात हा फरक सुमारे ६० मीटरांचा आहे.

तेव्हा वरच्या उदाहरणातला ५१४ मीटरचा उंबरा दुरुस्ती न केलेल्या यंत्रावर ४५४ मीटर दिसेल. तुम्ही हसाल आणि म्हणाल, एवढी चूक कोणाच्याही लक्षात येईल. अगदी बरोबर. साठ मीटरांची चूक कारकूनसुद्धा पकडतो. भीती वाटावी ती अर्ध्या मीटरच्या चुकीची. एका खात्याने एका तलचिन्हावरून आणि दुसऱ्याने दुसऱ्यावरून उंची आणली, त्या दोघांत अर्ध्या मीटरचा मेळ नाही, तर दोन्ही आकडे दिसायला शहाणे दिसतात. आणि पुरात अर्धा मीटर म्हणजे पलंगावरचे पाणी की पलंगाखालचे, एवढा फरक.

प्रमाणाबद्दल थोडक्यात सांगतो. सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, आणि लगतच्या दोन समोच्चरेषांमधील उंचीचा फरक २० मीटर असतो. राजाराम बंधाऱ्यावरच्या ४३ आणि ५५ फुटांतले अंतर जेमतेम ३·७ मीटर आहे. म्हणजे २०१९ चा महापूर या नकाशाच्या दोन समोच्चरेषांमध्ये कुठेतरी मावून जातो! संगणकाच्या पडद्यावर असा नकाशा हवा तेवढा मोठा करून पाहता येतो, पण त्यामुळे त्यात नसलेली माहिती येत नाही. उलट दोन नकाशे जोडले की चुकाही जोडल्या जातात. एकात ३० मीटरची आणि दुसऱ्यात ४० मीटरची स्वतंत्र चूक संभवत असेल, तर दोहोंच्या तुलनेत ५० मीटरची चूक धरावी लागते. (पुन्हा पायथागोरस!) घरोघरचे उत्तर हवे असेल, तर निदान नदीकाठच्या पट्ट्याची उंची विमानातून किंवा ड्रोनमधून बारकाईने मोजावी लागते. ते काम खर्चाचे आहे. म्हणूनच ते एका खात्याने एकदा करून सर्वांना द्यावे. चार खात्यांनी चारदा करू नये.

गावाचे नाव आणि गावाचा क्रमांक

इतका वेळ आपण यंत्रांविषयी बोललो. पण जुळवणीत सर्वांत जास्त घाम काढणारी गोष्ट निराळीच आहे : नावे. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. त्यांत वडगावे किती, पिंपळगावे किती, याची तुम्ही आपल्या तालुक्यापुरती मोजदाद करून पाहा. बुद्रुक आणि खुर्द निराळेच. इंग्रजीत लिहिताना एक कार्यालय वडगावला 'व्ही' लावते, दुसरे 'डब्ल्यू'. माणसाला ती दोन्ही एकच वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी गावे वाटतात. आरोग्य खात्याच्या यादीतले गाव महसूल खात्याच्या यादीत सापडत नाही ते अशामुळे. जिल्हेही बदलतात. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कितीतरी गावांचा पत्ता गाव जागेवरून न हलता बदलला.

यावरचा उपाय तुमच्या शाळेच्या हजेरीपटातच आहे. वर्गात दोन सुनील असले तरी हजेरी क्रमांक दोन असतात. जनगणनेत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक असतो आणि केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयानेही स्थानिक संस्थांसाठी व गावांसाठी असे क्रमांक ठरवले आहेत. सर्व खात्यांनी आपल्या प्रत्येक नोंदीत नावाबरोबर हा एकच क्रमांक लिहिला, तर निम्मी जुळवणी आपोआप होईल. यात उपग्रह नाही, ड्रोन नाही. माझे मत विचाराल, तर राज्याच्या आराखड्यात हे पहिले काम असावे. यंत्रे विकत घेता येतात. चार कार्यालयांनी एकाच क्रमांकाने लिहायचे ठरवणे विकत घेता येत नाही.

राज्याचा आराखडा

महाराष्ट्रात या कामाचा श्रीगणेशा आजच करायचा आहे असे नव्हे. उपग्रहांच्या चित्रांचा राज्याच्या नियोजनाला उपयोग व्हावा म्हणून नागपूरला १९८८ साली महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी नव्या जागतिक गोलावरच्या नकाशांची वेगळी मालिका काढण्याचे ठरवले. २०२१ साली नकाशे करण्यावरची पुष्कळशी जुनी बंधने उठली आणि २०२२ साली राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० ची. शेताचा सातबारा होता, पण गावठाणातल्या घराखालच्या जागेचा मोजलेला नकाशा बहुतेक ठिकाणी नव्हता. ती उणीव या योजनेने भरून निघू लागली.

मग आराखड्यात आणखी काय हवे? माझ्या मते मुख्य मुद्दा धनी ठरवण्याचा आहे. प्रत्येक थराला एकच धनी असावा. नदीचा थर जलसंपदा विभागाचा, शेताच्या हद्दीचा भूमी अभिलेखचा. इतरांनी तो वापरावा, पण आपल्या सोयीने नव्याने काढू नये. चूक दिसली तर धन्याला कळवावी, आणि धन्याने ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करावी. आज होते असे, की रस्ते काढणारा आपली नदी काढतो आणि नळ टाकणारा आपला रस्ता काढतो. दोन वर्षांनी कोणती नदी खरी, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरे म्हणजे प्रत्येक नकाशाबरोबर त्याची जन्मपत्रिका हवी. कोणी मोजला, कोणत्या साली, कोणत्या प्रमाणावर, कोणत्या गोलावर, उंची कोणत्या तलचिन्हापासून आणि चूक किती संभवते. जमीन मोजणीचे जुने कागद या बाबतीत शिकण्यासारखे आहेत. त्यांतील माप ३३ फुटांच्या साखळीचे असे, साखळीचे सोळा आणे पाडलेले असत, आणि साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. साखळीचे माप ठाऊक असल्यामुळेच त्या कागदाचे आज हेक्टर-आरमध्ये रूपांतर करता येते. माप लिहिले नसते तर ते आकडे निरुपयोगी ठरले असते. आजचे नकाशे शंभर वर्षांनी वाचणाऱ्यावर आपण ती वेळ आणू नये.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. सगळे थर जोडले म्हणजे कोणाची किती जमीन, घरात कोण राहते, हेही जोडले जाते. पूर कुठवर येईल हे सर्वांना कळले पाहिजे. कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, हे बचाव पथकाला कळले पाहिजे, पण गावभर नव्हे. कोणता थर कोणी पाहायचा, हे नकाशे जोडण्याआधी ठरवावे.

शाळेत करून पाहण्यासारखे

रेल्वे स्थानकावरच्या पिवळ्या पाटीवर स्थानकाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाटीवर उंची नेमकी कोणत्या पातळीची दिली आहे, हे मात्र स्थानकावर विचारून घ्या. तुमची शाळा स्थानकाच्या जवळ असेल, तर ही उंची शाळेच्या पायरीपर्यंत आणता येईल. साधन गवंड्याचे : पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन्ही टोके उघडी असली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत राहते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते. दहा-दहा मीटरच्या टप्प्यांनी पुढे जा, प्रत्येक टप्प्याला दोन्ही टोकांशी पाण्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि वजाबाकी वहीत मांडा. शाळेत पोचल्यावर दुसऱ्या वाटेने मोजत परत स्थानकावर या. सगळ्या वजाबाक्यांची बेरीज शून्य यायला हवी. ती जितकी हुकेल, तितकी तुमच्या मोजणीची चूक.

शाळा नदीकाठच्या गावात असेल, तर आणखी एक काम आहे. पूर ओसरल्यावर भिंतींवर गाळाची रेघ राहते आणि पुढच्या रंगकामात ती पुसली जाते. ती पुसली जाण्यापूर्वी खिळ्याने खूण करा. खुणेशेजारी तारीख आणि त्या दिवशी मोजपट्टीवर नोंदलेली जास्तीत जास्त पातळी लिहा. मग पाण्याच्या नळीने त्या खुणेची उंची शाळेच्या पायरीशी जोडून घ्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव लिहाल त्याच्यापुढे गावाचा क्रमांकही लिहा.